रेडिओशेजारची जागा

आमच्या शाळेत रेडिओ आला तेव्हा मी पाचवीत होते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गाव सोनगीरपासून दीड कोस आत. वीज नव्हती. शाळेला दोन खोल्या आणि एक ओटा. धुळ्यातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचं आजोळ आमच्या गावचं, म्हणून त्याने तो रेडिओ शाळेला दिला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड आणि खाली दोन बटणं. त्याला मोटारीत असते तसली जड बॅटरी लागायची. छपरावर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये आवाज पकडणारी तांब्याची जाळी ताणली होती. बॅटरी उतरली की गुरुजी ती पोत्यात गुंडाळून बैलगाडीने सोनगीरला नेत, तिथून मोटारीने धुळ्याला, आणि दोन-तीन दिवसांनी भरून परत आणत. त्या बॅटरीला शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त जपत, असं गावात म्हणत. ते खोटं होतं. ते आम्हालाही जपत.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शाळांसाठी कार्यक्रम लागायचा. त्याची लहानशी पुस्तिका आधी टपालाने यायची. गुरुजी बटण फिरवत आणि आम्ही पेटीकडे बघत बसायचो. आतले दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, तापायला मिनिटभर लागे. मग खरखर, मग दुरून एक बाई बोलू लागे. तिचा आवाज स्वच्छ होता. प्रत्येक शब्द वेगळा, धुऊन वाळत घातल्यासारखा. आमच्या गावात असं कुणीच बोलत नव्हतं. गुरुजी वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण तेही ओट्यावरून खाली उतरले की अहिराणीवर येत.

पहिले दोन महिने सगळ्यांना सगळं ऐकू आलं. मग आवाज बारीक झाला. गुरुजींनी बॅटरी भरून आणली, जाळी उंच बांधली, तरी आवाज वाढेना. धुळ्याच्या दुकानदाराने सांगितलं की आतला एक दिवा जायला आलाय आणि तो मुंबईहून मागवावा लागेल. तो यायला वर्ष लागलं की जास्त, मला आठवत नाही. तोपर्यंत पेटीला कान लावला तरच काही कळायचं. मागच्या पोरांना नुसती खरखर.

तेव्हा गुरुजींनी मला पेटीशेजारी बसवलं. मी ऐकायचं आणि मोठ्याने सगळ्यांना सांगायचं. मलाच का निवडलं, त्याला कारण होतं.

माझ्या आईला, आम्ही तिला माय म्हणायचो, ऐकू येत नसे. मी तान्ही असताना तिला मोठा ताप आला होता. त्यात एक कान पुरता गेला, दुसऱ्यात थोडंसं राहिलं. समोर बसून, उजेडाकडे तोंड करून, मोठ्याने बोललं तर तिला कळायचं. ती ऐकायची कमी आणि ओठांकडे बघायची जास्त. मी बोलायला लागले तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं तिच्यापर्यंत मीच नेत असे. कुणी ओट्यावर येऊन काही बोललं की माय माझ्याकडे बघून विचारायची, "काय म्हनस?" मी तिच्या समोर उकिडवी बसून सांगायची. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, एवढा धीर नव्हता. ते दोनदा सांगत आणि तिसऱ्यांदा हात हलवून शेतावर निघून जात. त्यामुळे माय आणि मी दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत असायचो. सासरी येऊन बारा वर्षं झाली तरी मायला मैत्रीण अशी मीच होते.

गुरुजींना हे ठाऊक होतं. ही पोर ऐकलेलं चुकवत नाही, असं ते म्हणाले आणि मला पाटीसकट पुढे बोलावलं.

सुरुवातीला जड गेलं. एक वाक्य सांगावं तर तेवढ्यात बाई पुढचं वाक्य बोलून मोकळी. मग हळूहळू युक्ती साधली. तोंड मागचं वाक्य बोलत असे तेव्हा कान पुढचं उचलत असे. अर्थाकडे लक्ष दिलं की वाक्य हातचं सुटायचं, म्हणून मी अर्थाकडे लक्ष देणं सोडलं. बाई जिथे थांबे तिथे मी थांबे, ती जिथे आवाज चढवी तिथे मीही चढवी. आमच्या बोलीत 'न' आणि 'य' होणारे तिचे 'ण' आणि 'ळ' माझ्या जिभेवर बसले. सहा महिन्यांत मी अर्धा तास न अडखळता तशी बोलू शकत होते. बाजूच्या गावाचे मास्तर मला ऐकायला आले. गुरुजींनी त्यांना चहा दिला आणि मला गूळ.

पोरं मला रेडिओ म्हणू लागली. मी पाणवठ्यावर गेले की कुणीतरी म्हणे, "रेडिओ उना," म्हणजे रेडिओ आला. आधी ते कौतुकाने म्हणत. पुढे पुढे मी आले की पोरी बोलणं थांबवायच्या. मी त्यांना काही विचारलं की एकमेकींकडे बघून हसायच्या. मला वाटे, त्यांना हेवा वाटतो. माझं बोलणं खेळतानाही तसंच निघत होतं, हे मला कळत नव्हतं. आपलं बोलणं आपल्याला कुठे ऐकू येतं!

मायशी मात्र मी अहिराणीतच बोलते, असं मी समजत होते.

माझा मामा धुळ्याला एका कापसाच्या कारखान्यात कामाला होता. मायला तो एकच भाऊ. त्याला इंदूरला काम मिळालं. गुरुजी बॅटरी घेऊन धुळ्याला गेले होते, तिथे तो त्यांना भेटला आणि त्याने निरोप दिला. सोमवारी शाळा सुटताना गुरुजींनी मला थांबवून तो सांगितला. मामा बुधवारी दुपारच्या मोटारीने इंदूरला निघतोय, गाडी सोनगीरला थांबेल, तेव्हा बहिणीने स्टँडवर येऊन भेटून जावं, पुन्हा कधी येणं होईल ते सांगता येत नाही.

मी घरी गेले. माय चुलीपुढे होती. मी तिच्यासमोर बसले आणि निरोप सांगितला, गुरुजींनी सांगितला तसाच, शब्दाला शब्द. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे मला आजही आठवतं. मायने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग भाकरी उलटली.

आबा त्या दिवसांत शिरपूरकडे एका नातेवाइकाच्या विहिरीच्या कामाला गेले होते. घरात आम्ही दोघीच. बुधवारी मी शाळेत गेले. दुपारी मला वाटलं, माय आता स्टँडवर पोचली असेल, मामाशी बोलत असेल. मामा तिच्याशी फार छान बोलायचा. तिचा हात हातात धरून, सावकाश.

संध्याकाळी माय शेतातून आली. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. मी विचारलं, मामा भेटला का? तिने भारा खाली टाकला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. 'मामा' एवढंच तिला कळलं असावं.

"मामानं काय?"

 मी तिच्याजवळ गेले आणि लहानपणी बोलायची तसं बोलले. शब्द शोधावे लागले. "मामा इंदोरले गया, माय. दुपारनी मोटारमा. तुले भेटाले बलायेल व्हतं."

ती तिथेच अंगणात बसली. रागावली नाही. बराच वेळ पदराने हात पुसत राहिली. सोमवारी मान का हलवलीस, असं मी तिला विचारलं. मग ती जे बोलली ते मी कुणालाच कधी सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्यालाही नाही.

"तुनं तोंड हालस ते दिसस माले. पन बोल कयत नही आते."

कधीपासून कळत नाही, असं मी विचारलं. तिने बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. माझे ओठ तिला आता अनोळखी झाले होते. ती भाषा तिने कानाने कधी ऐकलेलीच नव्हती, मग ओठांवर ओळखणार कशी? कित्येक महिने ती अंदाजाने मान हलवत होती. पुन्हा पुन्हा विचारलं तर पोरीला कंटाळा येईल, असं तिला वाटत होतं. आबांना येतो तसा.

पंधरा दिवसांनी मामाचं कार्ड आलं. गाडी दहा मिनिटं थांबली होती, तो उतरून उभा राहिला होता, ताईची तब्येत बरी आहे ना, असं त्यात होतं. ते मी मायला वाचून दाखवलं नाही. आबांनी दाखवलं, ओरडून, तीनदा. त्यानंतर मामाची आणि तिची भेट व्हायला तीन वर्षं गेली.

मी ठरवलं की घरी आता फक्त अहिराणी बोलायची. पण ठरवून बोललेली भाषा कशी असते? 'आहे'ला 'शे' म्हणायची, 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणायची, आणि माय कपाळाला आठ्या घालून बघायची. मी थांबायची जागा चुकत होते. वाक्य कुठे ओढायचं, कुठे गिळायचं, ते सगळं दुसरीकडे जाऊन बसलं होतं. हळूहळू ती मला विचारेनाशी झाली. ओट्यावर कुणी आलं की पदर पुढे ओढून आत जायची.

शाळेत मी पेटीशेजारीच होते. गुरुजींना मी काही सांगितलं नाही. थंडीत तपासणी आली. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आम्ही दिपोटी म्हणायचो. हे दिपोटी नवे होते, तरुण, चष्मा लावलेले. मंगळवार होता आणि पाठ समुद्रावर होता. मी नेहमीसारखा अर्धा तास पाठ सांगितला. बंदर, गलबतं, भरती, ओहोटी. पेटी बंद झाल्यावर साहेबांनी मला तोच पाठ पुन्हा सांगायला लावला. मी सांगितला, पहिल्यापासून, बाईच्या थांबण्यासकट. साहेब खूश झाले. गुरुजींनी डोक्यावरची टोपी नीट केली.

मग साहेबांनी पुस्तिका मिटली. "समुद्राचं पाणी असं रोज वर-खाली होतं," ते म्हणाले, "ते तिथे उभं राहून बघितलं तर कसं दिसत असेल? तुला काय वाटतं ते सांग."

मी उभी राहिले. तोंड थोडं उघडं होतं. मी वाट बघत होते. माझी मान पेटीकडे कलली होती, हे मला जाणवलं. पेटी बंद होती. साहेबांनी प्रश्न सोपा करून विचारला. मग आणखी सोपा केला. मला समुद्राविषयीचं प्रत्येक वाक्य पाठ होतं आणि समुद्र डोळ्यांपुढे येत नव्हता. एवढं बोलूनही मी तो एकदाही बघितला नव्हता, मनातसुद्धा नाही.

साहेबांनी मग सगळ्या वर्गाला तोच प्रश्न विचारला. शेवटच्या रांगेतून एक मुलगी उठली. पूर्वी ती माझ्या शेजारी बसायची, मी पुढे गेल्यापासून मागे गेली होती. ती घाबरत घाबरत अहिराणीतच बोलली. तिच्या मावशीकडे तापीचा पूर तिने बघितला होता. पूर येताना पाणी आवाज करत येतं आणि जाताना गुपचूप जातं, मागे चिखलावर रेघा सोडून. समुद्राचंही तसंच असेल, फक्त त्याला पूर रोज दोनदा येत असेल. काही पोरं हसली. साहेब हसले नाहीत. हे तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"माले मांगे ऐकू नही ये," ती म्हणाली. "मंग मीच डोकामा जोडं."

साहेबांनी शेरा काय लिहिला ते आम्हाला कळलं नाही. ते गेल्यावर गुरुजींनी बॅटरीची तार काढून ठेवली. मग मला बोलावून म्हणाले, "तुला मी तिथे बसवलं. तुझी काही चूक नाही." पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला मागच्या रांगेत पाठवलं आणि पेटीशेजारी दर वेळी नवा मुलगा किंवा मुलगी बसवायला सुरुवात केली. कुणालाच ते जमलं नाही. अर्धं ऐकायचं, अर्धं स्वतःचं घालायचं. एकदा तर अरबस्तानातल्या उंटाचा पाठ पोरांनी सगळा आमच्या गावच्या बाजारात नेला. वर्ग हसायचा, भांडायचा, असं नाही तसं म्हणायचा. गुरुजी शेवटी पुस्तिका उघडून खरं काय ते सांगत.

मी मागे बसून खरखर ऐकायची. जुळवून बघावं म्हणून डोळे मिटायची. काही यायचं नाही. पुराबद्दल बोललेली ती मुलगी बाजूला बसून पाटीवर काहीबाही काढत असे. तिला मी एकदा विचारलं, तुला हे कसं सुचतं? तिला प्रश्नच कळला नाही.

सातवीची फायनल परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले. पाठांतराला तोड नव्हती. दोन वर्षांनी आबांनी मला जळगावला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं, तेही गुरुजींनी तीन खेपा घातल्यावर. माय मोटारीपर्यंत आली. 

जळगावात पहिल्याच आठवड्यात एका मुलीने मला म्हटलं, तू धुळ्याकडची वाटतच नाहीस. मला बरं वाटलं. मग वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ते पुन्हा आठवलं. मी कुठलीच वाटत नव्हते. मुली आपापल्या गावच्या मुलींचे घोळके करून बसायच्या. मी कुठल्याही घोळक्यात जाऊन बसू शकत होते आणि कुणाला माझ्यासाठी सरकून बसावं लागत नव्हतं.

तिथे आम्हाला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मध्यम वयाच्या, फार कमी बोलणाऱ्या. माझा सरावाचा पाठ बघायला त्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. पाठ झाल्यावर मला म्हणाल्या, पाठ सुरेख झाला, पण मुलांनी प्रश्न विचारला की तुम्ही दाराकडे बघता. कुणी येऊन उत्तर देणार आहे का? मी त्यांना रेडिओची गोष्ट सांगितली. मायची नाही, रेडिओची. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, रोज पाच ओळी लिहून आणा. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं लिहा. वाचलेलं, ऐकलेलं काही चालणार नाही.

पहिले आठ दिवस मी कोरा कागद नेला. नाहीतर 'निसर्गाची शोभा अवर्णनीय असते' असलं काहीतरी. त्या ते परत करायच्या. नवव्या दिवशी मी लिहिलं, 'डाळीच्या गिरणीकडून वारा आला की दोरीवरचं लुगडं पिवळं होतं आणि झटकलं की शिंक येते.' बाईंनी खाली तारीख घातली. तेवढंच. तो कागद मी पुष्कळ वर्षं ठेवला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने असल्या ओळीचा आनंद करावा, हे आता सांगायलाही लाज वाटते. पण ते माझं पहिलं वाक्य होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मायचं ऐकणं जवळजवळ संपलं होतं. समुद्राचं उत्तर देणाऱ्या त्या मुलीला गावातच दिलं होतं. ती रोज ताक न्यायला आमच्याकडे यायची आणि मायजवळ टेकायची. दोघी बोलायच्या. मी आतून बघायची. ती नुसते ओठ हलवायची, आवाजही नाही, आणि माय तोंडावर पदर धरून हसायची. मी कधी येऊन बसले आणि मायला काही म्हणाले की माय तिच्याकडे वळायची. मग ती माझं म्हणणं मायला सांगायची. तिला ते अगदी सहज वाटत होतं. मायलाही. एकदा मी जळगावच्या बाईंबद्दल बरंच सांगितलं आणि तिने ते सगळं तीन-चार शब्दांत आटोपलं. माय समाधानाने मान हलवत होती. मी उठून पाणी शेंदायला गेले.

ट्रेनिंग संपल्यावर मला नोकरी मिळाली ती जळगावच्याही पूर्वेला, केळीच्या बागा असलेल्या एका गावात. तिथली बोली आणखी वेगळी. पहिला महिनाभर मला पोरांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. मी एकटी बाई म्हणून गावाने मला देवळामागची खोली दिली होती. शाळा सुटली की दाराशी बसून मी रस्त्याने जाणाऱ्या केळीच्या गाड्या बघायची. कुणाशी बोलावं, असं खूप वाटायचं, आणि कुणी आलं की काय बोलावं ते सुचायचं नाही.

दुसऱ्या वर्षी त्या शाळेतही रेडिओ आला. नवा, आवाजाने खणखणीत. मी तो मध्ये ठेवला आणि पोरांना भोवती गोल बसवलं. कार्यक्रम संपला की पेटी बंद करून मी त्यांना आपल्या घरच्या बोलीत सांगायला लावायची. चुकलं तर चुकू द्यायची. हेडमास्तरांना ते पटत नसे. परीक्षेत पोरांना हे उपयोगी पडणार नाही, असं ते म्हणत, आणि काहींना खरोखरच पडलं नाही. शुद्धलेखनात आमची शाळा मागे राहिली. माझ्या हातून ते बरोबर झालं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पोरं बोलायची मात्र.

त्याच हिवाळ्यात आबा मायला माझ्याकडे सोडून गेले, थोडे दिवस बदल म्हणून. ती अकरा दिवस राहिली.  ती भाकरी करायची, मी पाणी भरायची. दुपारी ती शाळेच्या पायरीवर येऊन बसायची आणि पोरांची तोंडं बघायची. एकदा संध्याकाळी ती माझ्या डोक्याला तेल लावायला बसली, कधीच्या काळी लावायची तशी. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते, म्हणजे बोलायचा प्रश्नच नव्हता. तिने फार सावकाश लावलं. तेल संपलं तरी ती बोटं फिरवत राहिली.

ती गेल्यावर दोन दिवस मी शाळेतून उशिरा घरी यायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का केळफुलाची भाजी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. माय गेली का, असं त्यांनी त्यांच्या बोलीत विचारलं. मी त्याच बोलीत उत्तर द्यायला गेले आणि शब्द चुकला. त्यांनी तो नीट करून दिला. मी पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. मग आम्ही केळफूल कसं निवडायचं यावर दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो.